परसबागेतली खुरपणी: अवजारं, पद्धती आणि दुखणारी कंबर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1. घराभोवती दीड-दोन गुंठ्यांची बाग आहे. खुरपणीसाठी नेमकं काय काय विकत घ्यावं?

तीन गोष्टी पुरतात: एक चांगलं खुरपं, उभ्याने वापरायचं लांब दांड्याचं हातकोळपं आणि एक दातेरी विळा. खोल मुळांच्या तणासाठी चार दातांचा बागकाटा असेल तर उत्तम, पण तो नंतर घेतला तरी चालतो. रंगीत मुठींचा पाच-सहा अवजारांचा संच दुकानात छान दिसतो, पण त्यातल्या पत्र्याच्या खुरप्या पहिल्याच ढेकळाला वाकतात. तेवढ्याच पैशात आठवडी बाजारातल्या लोहाराकडून दोन दणकट खुरपी येतात.

2. खुरपं निवडताना काय बघायचं? मला सगळी सारखीच दिसतात.

आधी पातं बघा. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेलं खुरपं धार धरतं, साध्या लोखंडी पट्टीचं दोन वाफ्यांत बोथट होतं. पातं दगडावर हलकेच आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर पोलाद मऊ आहे किंवा मूठ सैल आहे. कानशीचा एक हात फिरवायची परवानगी मिळाली तर आणखी चांगलं. कानस लोण्यात रुतल्यासारखी चालली तर ते खुरपं ठेवून द्या.

मग मूठ बघा. साधारण 3 ते 3.5 सें.मी. जाडीची मूठ बहुतेकांच्या हातात नीट बसते. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकत असतील तर मूठ बारीक आहे. ती धरून ठेवण्यातच हात दमतो. पात्याची शेपटी मुठीत निम्म्यापेक्षा खोल गेलेली असावी आणि तोंडाशी लोखंडी कडी असावी. कडी नसेल तर लाकूड तिथूनच चिरतं.

वजन 200 ते 300 ग्रॅमच्या आसपास असावं. जड खुरपं जास्त काम करतं असा समज आहे, पण काम धार करते. वजन फक्त मनगटाला कळतं.

मातीप्रमाणे आकार बदलतो. काळ्या मातीत रुंद, जवळजवळ सपाट पातं चांगलं, कारण ते जमिनीलगत सरकवता येतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत खडे असतात. तिथे रुंद पातं सारखं अडकतं, म्हणून अरुंद, टोकदार खुरपं घ्या.

3. खुरपायला सर्वात चांगली वेळ कोणती? पाऊस पडल्यावर लगेच?

लगेच नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर असेल पण चिखल नसेल तेव्हा. मुठीत माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच फुटला तर वाफसा आहे. गोळा चिखलासारखा चेपला तर थांबा, आणि गोळाच झाला नाही तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. हलक्या तांबड्या मातीत मोठ्या पावसानंतर दिवसभरात वाफसा येतो, भारी काळ्या मातीला दोन-तीन दिवस लागतात. ओल्या काळ्या मातीत उतरलात तर खुरप्याला, चपलांना आणि गुडघ्यांना माती थापली जातेच, शिवाय पायाखाली माती दाबली जाऊन नंतर तिचा दगड होतो.

दुसरी वेळ तणाच्या वयाची. दोन-चार पानांवरचं तण कोळप्याच्या एका ओढीत जातं. तेच महिन्याने मुळांसह काढायला दोन्ही हात लागतात. भाजीच्या वाफ्यात पेरणीनंतर 15-20 दिवसांनी पहिली आणि 35-40 दिवसांनी दुसरी खुरपणी झाली की पुढे पीकच सावली धरतं. कंबरदुखीच्या बऱ्याच तक्रारी ही पहिली खुरपणी चुकवल्याने येतात, अवजाराचा त्यात दोष नसतो.

4. तण उपटावं, कापावं की खणावं?

तण कोणतं आहे त्यावर ठरतं. बियांपासून येणारं कोवळं हंगामी तण (माठ, एकदांडी, ओसाडी, हजारदाणी) जमिनीच्या पातळीखाली एक-दोन सें.मी. कापलं की संपतं. ते उपटत बसू नका. मोठं झालेलं सोटमुळाचं तण वाफशावर बुंध्याशी धरून सरळ वर उपटा. तिरपं ओढलं की ते मोडतं. कंद किंवा जमिनीखालच्या दांड्यांवर जगणारं तण (लव्हाळा, हराळी, कुंदा) खणावंच लागतं, त्याबद्दल प्रश्न 11 आणि 12 पाहा.

एक काम मात्र कधीच करू नका: हंगामी तणासाठी माती खोल उलथणं. वरच्या दोन-तीन सें.मी. मातीतल्या बिया उगवून संपलेल्या असतात. खालच्या झोपलेल्या बिया तुम्ही वर आणता आणि पंधरा दिवसांत नवं हिरवं पीक उभं राहतं.

5. मला वाकता येत नाही. उभ्याने खुरपणी होईल का?

ओळीत लावलेल्या झाडांमध्ये नक्की होईल. दोन प्रकारची कोळपी मिळतात. ओढायचं कोळपं पाऊल मागे टाकत आपल्याकडे खेचायचं. ढकलायच्या कोळप्याचं पातं जमिनीलगत आडवं असतं आणि ते पुढे-मागे सरकवायचं. ज्यांची कंबर दुखते त्यांना ढकलायचं कोळपं जास्त मानवतं, कारण पाठ ताठ राहते.

खरी चूक दांड्यात होते. बाजारातले बरेच दांडे चार फुटांचे असतात, आणि चार फुटी दांड्याला साडेपाच फुटी माणूस वाकणारच. ढकलायच्या कोळप्याचा दांडा उभा धरल्यावर हनुवटीपर्यंत यावा, ओढायच्याचा छातीच्या हाडापर्यंत. भरीव बांबूचा दांडा हलका आणि मजबूत असतो. पेरं तासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर तळहाताला फोड येतात. अंगठे दोन्ही हातांचे वरच्या दिशेला ठेवून धरा, म्हणजे खांदे आपोआप मागे राहतात.

दोन ओळींत कोळप्याच्या पात्यापेक्षा किमान 8-10 सें.मी. जास्त जागा हवी. कोथिंबीर फेकून पेरली असेल तर कोळपं विसरा, तिथे बसूनच काम. पुढच्या वेळी ओळीत पेरा.

चाकाचं (सायकल) कोळपंही मिळतं. लांब सरळ ओळी असतील तरच त्याचा उपयोग. बारा फुटांच्या वाफ्यात अर्धा वेळ ते वळवण्यात जातो.

6. खाली बसून काम केलं की उठताना गुडघे धरतात. काय करावं?

उकिडवं बसणं थांबवा. गुडघा पूर्ण दुमडून तासभर बसलं की त्रास होणारच. 15-20 सें.मी. उंचीचं बैठं स्टूल किंवा जाड पाट घ्या. मऊ मातीत पाय रुतू नयेत म्हणून स्टुलाखाली फळी लावा. दुसरा मार्ग एक गुडघा टेकून बसायचा: टेकलेल्या गुडघ्याखाली जुन्या खुर्चीची उशी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून ठेवा आणि पाच-सात मिनिटांनी गुडघा बदला. मोकळा हात मांडीवर टेकवा, म्हणजे कंबरेवरचा भार कमी होतो.

हात फार लांब पोचवू नका. बसल्या जागेवरून जेवढं सहज हाताशी येतं (साधारण दीड-दोन फूट) तेवढंच करा आणि पाट सरकवा. नवे वाफे करणार असाल तर रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात जातो. मधली वाट दीड फुटाची ठेवा. पाट मांडायलाही जागा लागते, हे वाफे आखताना कोणाच्याच लक्षात येत नाही.

वीस मिनिटं खुरपणी, मग उभ्याने करायचं काहीतरी, मग पुन्हा वीस मिनिटं. एका सकाळी सगळी बाग लख्ख करायच्या हट्टापेक्षा हे परवडतं.

7. बोटं आखडतात, मनगट दुखतं. जाड मुठीचं खुरपं कुठे मिळेल?

शोधू नका, घरीच करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापा, मुठीवर ताणून गुंडाळा आणि शेवट सुतळीने घट्ट बांधा. दोन-तीन थरांत मूठ चांगली जाड होते आणि घामाने सटकतही नाही. मूठ किती जाड असावी ते प्रश्न 2 मध्ये आहे. संधिवात असेल तर त्याहून थोडी जाड चालते.

मनगट दुखण्याचं दुसरं कारण म्हणजे खुरप्याने माती उचकटणं. खुरपं तरफेसारखं वापरलं की सगळा जोर मनगटावर येतो. पातं मातीत तिरपं घालून आपल्याकडे ओढा आणि ओढताना जोर कोपरापासून लावा. तरीही जोर लावावा लागत असेल तर धार गेली आहे.

8. धार कशी लावायची? लोहार आता गावात येतच नाही.

आठ किंवा दहा इंची सपाट कानस पुरते. खुरपं लाकडी ओंडक्यावर पायाने किंवा शिकंज्यात घट्ट धरा. पात्याची आधीची उतरती बाजू ओळखा, बहुतेक खुरप्यांना धार एकाच बाजूने असते. त्याच बाजूने, साधारण 30 अंशांच्या उतारात, कानस फक्त पुढे ढकला. परत येताना उचला. मागे-पुढे घासली तर कानशीचेच दात जातात. आठ-दहा हातांत कडेला चकचकीत रेघ दिसते. मग उलट्या बाजूला बोट हलकेच आडवं फिरवा. खरखरीत कूस लागेल, ती कानस सपाट धरून एका हाताने काढा.

वस्तऱ्यासारखी धार नको. मातीत ती पहिल्या खड्याला दुमडते. ग्राइंडरवर धार लावत असाल तर पातं निळं पडेपर्यंत तापवू नका. निळा पडलेला भाग मऊ झाला, तो पुन्हा धार धरत नाही. दातेरी विळ्याला कानस लावायचीच नाही, दात बोथट झाले की विळा बदला.

काम संपलं की माती खरवडून, कोरडं पुसून, पात्यावर कोणत्याही तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो.

9. खुरप्याची मूठ सारखी निघते.

पाण्यात भिजवून घट्ट होते, पण दोन दिवसांत वाळून पुन्हा सैल. मूठ काढा, भोक साफ करा, लाख वितळवून भोकात भरा आणि शेपटी गरम करून आत दाबा. लाख नसेल तर लाकडाची बारीक पाचर ठोका. मूठच चिरली असेल तर बदला. बाभळीची किंवा चिंचेची मूठ टिकते.

10. मी डावखुरी आहे. सगळी खुरपी उलटी चालतात. असं का?

प्रश्न 8 मध्ये म्हटल्याप्रमाणे धार एका बाजूने असते आणि ती उजव्या हाताच्या ओढीला धरून केलेली असते. डाव्या हातात तेच पातं मातीत शिरण्याऐवजी वर सटकतं. लोहाराला धार आणि बाक दोन्ही उलट करायला सांगा. तयार खुरपं असेल तर जुनी धार घासून नवी बाजू काढता येते, मात्र बाक उलटा असलेल्या विळ्याचं असं होत नाही. ढकलायचं कोळपं दोन्ही हातांना सारखंच.

11. लव्हाळा कितीही उपटला तरी चार दिवसांत परत येतो. काय चुकतंय?

उपटणंच चुकतंय. वर ओढला की पात निघते आणि कंद खाली राहतो. एकेक कंद दुसऱ्याशी बारीक दोऱ्यासारख्या मुळाने जोडलेला असतो. टोकाचा कंद तोडलात की मागचे जागे होतात.

दोन मार्ग आहेत. वाफा रिकामा ठेवता येत असेल तर एप्रिल-मे महिन्यात बागकाट्याने वीतभर खोल खणा, माती चाळा आणि कंद फरशीवर कडक उन्हात पसरा. कंद उन्हात सुकून मरतो, ओल्या ढिगात मरत नाही. कुदळीने खणू नका, कंदांचे तुकडे मातीत विखुरतात. रोटाव्हेटर तर नकोच, तो लव्हाळा बागभर पेरतो.

वाफ्यात पीक असेल तर दर दहा-बारा दिवसांनी खुरप्याने जमिनीखाली कापत राहा. नवे कंद धरायला त्याला काही आठवडे हिरवी पात लागते. तेवढी सवड मिळालीच नाही तर कंदातला साठा संपत जातो. हे एका हंगामाचं काम आहे, एका रविवारचं नाही. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून अशा वाफ्यात रताळ्याचा वेल सोडणं शहाणपणाचं. प्लॅस्टिकच्या आच्छादनावर मात्र विसंबू नका. लव्हाळ्याचं टोक ते सरळ भोसकून वर येतं.

12. हराळीलाही हेच उपाय का?

बरेचसे. फरक एवढाच की हराळी जमिनीवर धावते आणि खालूनही पसरते, आणि पेराचा बोटभर तुकडाही जगतो. खणताना दांड्या अखंड ओढून काढा, गोळा करा, उन्हात पूर्ण करकरीत वाळवा. बांधावरून वाफ्यात येत असेल तर कडेला वीतभर खोल पत्रा किंवा उभ्या विटा गाडा. गणपतीत दूर्वांसाठी थोडी ठेवायची असेल तर तिला कुंडीत ठेवा.

13. जुलैमध्ये खुरपलेलं केना आणि घोळ तिथेच पुन्हा रुजतं. मग काढायचं कसं?

ही दोन्ही तणं पावसात वाफ्यात पडू द्यायची नाहीत. केन्याचं प्रत्येक पेर मुळ्या फोडतं. त्याला मातीखालीही फुलं येऊन बी धरतं, म्हणून तो मुळासकट उचलावा लागतो. घोळीची जाड पानं आठवडाभर ओल धरतात आणि उपटलेल्या रोपावरही बी पिकतं. सोबत घमेलं ठेवा, थेट त्यात टाका.

कोवळी घोळ भाजीला जाते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जमिनीलगत पसरणाऱ्या दुधी-नायटीसोबत गफलत होते. देठ मोडून बघा: पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, खायची नाही.

14. गाजर गवत हाताने उपटलं तर चालतं का?

उघड्या हाताने नाही. 1955 साली पुण्यात नोंद झाल्यापासून हे तण देशभर पसरलं, आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांना चिवट त्वचारोग होतो. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल. सुती हातमोजे रस शोषतात, ते नकोत. कपडे लगेच वेगळे धुवा.

फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीत, मुळासकट उपटा. विळ्याने कापलं तर बुंध्यातून अनेक फांद्या फुटतात. पानांवर पिवळट पाठीचे, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते 1984 मध्ये मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले, याच गवतावर जगणारे आहेत.

15. आच्छादन किती जाड हवं? माझ्याकडे त्यातूनही तण आलं.

बसल्यावर 7-8 सें.मी. उरेल इतकं. सुका पाला टाकताना म्हणजे जवळजवळ वीतभर. आधी तण काढा, पाणी द्या, मग पसरा. उभ्या तणावर टाकलं तर ते डोकं वर काढतंच. खाली वर्तमानपत्राचे सात-आठ पदर ओले करून, कडा एकमेकांवर चढवून अंथरले तर हंगामी तणाचा बंदोबस्त होतो. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

उसाचं पाचट, आंब्याचा पाला चांगला टिकतो. ताजं कापलेलं गवत जाड टाकलं की चिकट, वास मारणारा थर होतो. भाताच्या पेंढ्यातून भात उगवतो, तो आधी झटकून घ्या. भर पावसाळ्यात आच्छादनाखाली गोगलगायी जमतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये कोवळ्या रोपांभोवतीचा थर पातळ करा.

16. गच्चीवरच्या कुंड्यांत तण येतं कुठून?

बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. नवं मिश्रण कुंडीत भरण्याआधी ओलं करून दहा-बारा दिवस ठेवा, उगवलेलं तण वरच्या वर खरवडा आणि मगच रोप लावा. कुंडीत खुरपं नको, मुळं तुटतात. जुना जेवणाचा काटा आणि लांब चिमटा पुरतो. आंबुशी शेंगा धरण्याआधी काढा, पिकलेल्या शेंगा हात लागताच फुटून बी शेजारच्या कुंड्यांत उडवतात.

17. फरशीच्या फटींत मीठ किंवा व्हिनेगर टाकलं तर?

मीठ नको. ते पावसाने वाहून शेजारच्या मातीत मुरतं आणि तिथे तुमचीच झाडं पिवळी पडतात. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर अगदी कोवळ्या रोपांची पानं जाळतं, मूळ तसंच राहतं. उकळतं पाणी त्यापेक्षा चांगलं: किटलीच्या चोचीने थेट बुंध्यावर ओता, पायात बूट घालून. हराळीला ते पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. फटीसाठी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा काटकोनात वाकवून घेतला की सुंदर काम होतं. शेवटी फटी बारीक वाळूने भरून टाका.

18. सरळ तणनाशक मारलं तर काय बिघडेल?

घरच्या बागेत फवाऱ्याचे तुषार टोमॅटो-मिरचीवर जाणारच. टू-फोर-डी या तणनाशकाची वाफही टोमॅटोची पानं मुरडते. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक हिरव्या खोडातूनही आत जातं. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या आदेशाने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण (पेस्ट कंट्रोल) चालकांपुरता मर्यादित केला होता. पाण्याच्या हौदाशेजारी, भाजीच्या वाफ्यात आमचं उत्तर स्पष्ट आहे: नको.

19. ग्रास कटर घ्यावा का?

कुंपण आणि मोकळ्या जागेसाठी भाड्याने आणा. वाफ्यात त्याचा उपयोग नाही, कारण मूळ राहतं. नायलॉन दोरी कोवळ्या झाडाच्या सालीला एकदा गोल लागली की झाड वाळतं, म्हणून खोडाभोवती फूटभर जागा हाताने साफ करा. चष्मा आणि बूट हवेतच, खडे उडतात.

20. काढलेलं तण कंपोस्टमध्ये टाकू का?

फुलं-बी नसलेलं कोवळं तण खुशाल टाका. बी धरलेलं टाकायचं तर ढीग काही दिवस 55-60 अंशांपर्यंत तापला पाहिजे, आणि घरच्या छोट्या डब्यात तेवढी उष्णता धरत नाही. असं तण काळ्या पिशवीत बांधून उन्हात महिनाभर सडवा. लव्हाळ्याचे कंद आणि हराळीच्या दांड्या करकरीत वाळल्याशिवाय कधीही नाही.

21. पावसाळ्यात वाढलेल्या तणात हात घालायची भीती वाटते.

वाटू द्या, ती योग्य आहे. आधी लांब काठीने तण हलवा, आवाज करा, गमबूट घाला आणि दिसत नाही तिथे हात घालू नका. हातमोजे सापाचा दात अडवतात या भरवशावर राहू नका. दंश झालाच तर चिरणं, बांधणं, चोखणं नको. हातपाय न हलवता तडक प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. कोकणात कुंपणावर खाजकुयली असेल तर शेंगा सुकण्याआधी, हिरवी असतानाच वेल कापा.

22. दीड महिना गावाला गेलो होतो, बागेत कंबरेएवढं रान माजलंय. सुरुवात कुठून करू?

उपटायला लागू नका. पहिल्या दिवशी प्रश्न 21 मधली काळजी घेऊन फक्त विळ्याने शेंडे आणि फुलोरे कापा, म्हणजे बी पडायचं थांबतं. गाजर गवत असेल तर ते प्रश्न 14 प्रमाणे आधी वेगळं काढा. दुसऱ्या दिवशी उरलेलं रान जमिनीपासून चार बोटांवर कापून बाहेर काढा. मग ज्या झाडांना वाचवायचंय त्यांच्याभोवती हातभर वर्तुळ खुरपा आणि प्रश्न 15 प्रमाणे झाका. बाकीचा वाफा पुठ्ठ्याने झाकून दोन महिने सोडून द्या. पुठ्ठ्यावरच्या प्लॅस्टिकच्या चिकटपट्ट्या आधी काढा, नंतर त्या मातीतून वेचाव्या लागतात. पुठ्ठ्याच्या कडांतून लव्हाळा डोकावला तर तेवढाच भाग प्रश्न 11 प्रमाणे उन्हाळ्यात खणायला राखून ठेवा.